मामाजींचं वजन

११ एप्रिल १९६८

भाताच्या गिरणीवाल्या शेठनं दिवाळीत वाटलेली ही डायरी आजवर आमच्या कपाटाच्या आखूड पायाखाली होती. माझ्या बायकोनं, गोदानं सरकवली होती. आज मी ओढून काढली, कारण आजपासून या घरात लिहिण्यासारखं काही घडणार आहे. कपाट हलायला लागलं म्हणून गोदा बडबडते आहे. बडबडू दे.

मशीन आलं! जबलपूरच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातून घेतलेलं, बिडाचं, माझ्या बापापेक्षा वयानं मोठं असं खराद. आजवर मी पायानं चालवायच्या खरादावर लाटणी, भोवरे आणि पाळण्याचे दांडे कातत आलो. आता विजेची मोटर आणि आता पलंगाचे पाय. परसवाड्याच्या एका पाटलानं लेकीच्या लग्नाचा पलंग सांगितलासुद्धा आहे. बालाघाटच्या स्टेशनापासून बैलगाडीनं आणलं, उतरवायला हमाल पुरेनात म्हणून पानठेल्यावरचे रिकामटेकडेही जुंपले. एक हमाल कंबर धरून म्हणाला, "भाऊ, हे खराद हाय का रेल्वेचं इंजन?" मला फार बरं वाटलं.

ज्या जमिनीवर ते बसवलं ती मी स्वतः केली आहे. गवंड्याला हात लावू दिला नाही. पातळी बघायची पाणसळसुद्धा लावली नाही. माझी नजर म्हणजेच पाणसळ.

१३ एप्रिल

मशीन सुरू केलं. सुरुवातीला लाटणं कातायला घेतलं, निघालं ते गाजर. एवढं धूड, दहा माणसांना न उचलणारं, आणि बटण दाबताच वरातीतल्या घोड्यासारखं थडथड नाचायला लागलं. दुसरं लाकूड लावलं. तेही गाजर. तिसऱ्याला पटाशी अशी उसळली की अंगठा वाचला हे नशीब.

संध्याकाळी गोदा भुसा झाडत होती. म्हणाली, "या कोपऱ्यातल्या पायाखालून झाडू आरपार जाते. बाकीच्या तिघांखालून जात नाई."

मी म्हणालो, "तुले झाडण्याबिगर काही सुचते का?"

"जमीन खाली-वर असन म्हनलं."

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हणालो. जमीन मी केलेली आहे, हे तिला मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायच्या आत ती आत गेली.

१५ एप्रिल

पानठेल्यावर आज माझ्या मशीनवर वाद रंगला. माझा दोस्त पुनाराम मालधक्क्यावर कामाला आहे, त्यामुळे जड वस्तूंबद्दल आपल्याला सगळं कळतं असा त्याचा समज आहे. तो म्हणाला, "वजन दे त्याले. मशीन जड असली तरी मोटर तिच्यापेक्षा जब्बर हाय. आनखी वजन पाह्यजे."

पानठेलेवाला म्हणाला, "आधीच एवढी जड, तिले वजन काहून पाह्यजे बे? म्हशीच्या पाठीवर गोणी टाकून तिले कोनी जड करते का?"

त्यावर अर्धे लोक पुनारामकडे आणि अर्धे म्हशीकडे झाले. मी पुनारामकडे गेलो, कारण उरलेल्यांत माझे गिऱ्हाईक कोणी नव्हते.

१८ एप्रिल

मँगनीजच्या खाणीकडच्या वाटेवरचे काळे दगड आणले. एकेक आकारानं नारळाएवढा, वजनाला लहान पोराएवढा. कसे आणले ते लिहीत नाही. मशीनच्या दोन्ही बाजूंच्या पायांमध्ये खाली जी सागाची लांब फळी आहे तिच्या मधोमध दोन गोण्या भरून ठेवल्या. बटण दाबलं. आधी मशीन एकटं थडथडत होतं, आता दगडही वाजतात. शेजारची रुख्माबाई विचारायला आली की तुमच्याकडे भजनी मंडळ बसलं आहे का.

पुनाराम म्हणतो, दगड कमी पडले.

२२ एप्रिल

आज राजेगावहून सर्व्हिस मोटरीनं मामाजी आले. मामाजी म्हणजे माझे सासरे, महागू नाव. अंगानं तुरीची काडी. वारा जोरात असला तर त्यांनी बाहेर पडू नये असं माझं मत आहे. बगलेत गाठोडं, हातात स्वतःचा लोटा. म्हणाले, "कोर्टात तारीख हाय, जवाईबापू. दोन-चार रोज पडवीत टेकतो."

पडवी म्हणजे माझा कारखाना. आता मशीन, दगड आणि सासरा, तिन्ही एका ठिकाणी.

गोदानं पाणी दिलं तर हात जोडले. त्यांच्यात लेकीच्या घरचं पाणीही पीत नाहीत. नातू झाला की मग चालतं. तो आमच्याकडे अजून झालेला नाही आणि त्यावर मला इथे काही लिहायचं नाही.

२५ एप्रिल

मामाजी रोज सकाळी मोटर स्टँडवरच्या पाणपोईवर जाऊन पाणी पितात आणि लोटा भरून आणतात. गाठोड्यात मुरमुरे आणि गूळ आहे, तेच खातात. आत चुलीवर भात शिजतो, वरणाला फोडणी बसते, आणि हा माणूस पडवीत बसून मुरमुरे मोजल्यासारखे खातो. मी जेवायला बसलो की गोदा माझ्याकडे असं बघते की मीच तिच्या बापाच्या तोंडचा घास काढला आहे. रिवाज त्यांचा, आणि घास माझ्या नरड्यात अडकतो!

आज तिनं सांगितलं. सासूबाई गेल्यापासून माझा मेहुणा चैतराम याच्या घरी म्हाताऱ्याचं काही खरं नाही. सून ताट ठेवत नाही, आपटते. गेल्या महिन्यात ती म्हणाली, "काम ना धंदा, खायाले मात्र टायमावर." त्या दिवसापासून मामाजी तिथे पोटभर जेवले नाहीत.

"म्हणजे तारीख-बिरीख काही?" मी विचारलं.

"असन ना तारीख," गोदा म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला.

तारीख लवकर निघावी आणि म्हातारा आपल्या गावी जावा, असं मला वाटतं. खोटं कशाला लिहू? पण तिथे जाऊन खाणार काय, असंही वाटतं.

२ मे

कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागली. कचेरीच्या दाराला कुलूप मी स्वतः पाहून आलो. घरी येऊन मामाजींना सांगितलं, तर म्हणाले, "आमचा मामला सुट्टीतबी चालते." कोणता वकील इतका कामसू आहे कोण जाणे.

मशीन तसंच. परसवाड्याच्या पाटलाचा माणूस विचारून गेला. पलंगाचा एकही पाय झालेला नाही. पुनारामनं आणखी दोन गोण्या दगड आणले. फळी वाकली, थडथड कायम.

४ मे

आज जे झालं ते नीट लिहितो.

मामाजी दुपारी पाणपोईवरून येताना वाटेत बसले. बसले म्हणजे पडलेच. रिक्षावाल्यानं आणून सोडलं. ओठ पांढरे पडले होते. गोदानं पाण्याचा पेला तोंडाशी नेला तर दात आवळून मान फिरवली. मी ओरडलो, "मामाजी, मराल ना असे!" तर हळूच म्हणाले, "फुकटचं खाऊन जगाचं तं चैतरामकडेच होतो ना मी."

गोदानं पेला खाली ठेवला. मग मला म्हणाली, "मशीन सुरू करा."

"आत्ता?"

"करा म्हनते ना."

मी बटण दाबलं. थडथड सुरू झाली. तिनं बापाचा हात धरला, उठवलं, आणि त्या फळीचं जे टोक मशीनच्या पायापलीकडे कोपऱ्यात बाहेर निघतं तिथे नेऊन बसवलं. "बाबा, जरा बसा बरं इथं. वजन पाह्यजे मशीनले."

देवाशप्पथ, मशीन थांबलं! म्हणजे फिरत होतं, पण हलायचं थांबलं. आवाज असा आला जशी मांजर चुलीजवळ बसून घुरघुरते. मी लाकूड लावलं, पटाशी टेकवली. सालपटं सुताच्या लडीसारखी निघायला लागली. पलंगाचा एक पाय तासाभरात झाला. असा गोल, की हातानं फिरवत बसलो.

मामाजी खाली बसून वर बघत होते. डोक्यात सगळी सालपटं. गोदा म्हणाली, "आता हे तं काम झालं ना बाबा? मजुरी म्हनून जेवा."

मामाजी विचारात पडले. मला म्हणाले, "जवाईबापू, खरंच कामाचं हाय का हे?"

मी म्हणालो, "कामाचं? मामाजी, तुमच्याबिगर हे मशीन म्हणजे भंगार आहे."

हे मी मनापासून म्हणालो. ते जेवले. दोनदा भात घेतला. वाढताना गोदानं वरण ताटाबाहेर सांडलं.

१० मे

पलंगाचे चारही पाय झाले. पाटलाचा माणूस घेऊन गेला आणि आणखी दोन पलंग सांगून गेला.

मी बराच विचार केला आहे. चार गोण्या दगडांनी जे झालं नाही ते काडीएवढ्या म्हाताऱ्यानं कसं झालं? माझं मत असं की मेलेलं वजन वेगळं आणि जिवंत वजन वेगळं. जिवंत वजन मशीनचा धक्का ओळखून अंग सावरतं. दगडाला काय कळणार? हे मी पानठेल्यावर सांगितलं तेव्हा सगळे गप्प झाले. पटलं असावं.

पुनाराम तेवढा म्हणाला, "त्याच जागी दगडाची गोणी ठेवून पाह्य ना बे एकडाव."

हे मी घरी बोललो. गोदा लगेच म्हणाली, "तिथं गोणी ठेवली तं मी झाडू कसा मारू?" तेही खरंच. विषय संपला.

मामाजींनी आता जेवणाचा कायदा केला आहे. सकाळी मशीनवर बसल्याशिवाय चहा-पाणी नाही आणि दुपारपर्यंत बसल्याशिवाय जेवण नाही. मी एखाद्या दिवशी उशिरा उठलो तर खाकरून खाकरून जागं करतात. आणि ताटावर बसले की गोदाला म्हणतात, "आनखी थोडा भात टाक. वजन उतरलं तं जवाईबापूचा धंदा बसन." माझ्या धंद्याच्या काळजीनं हा माणूस माझ्या दुप्पट जेवतो.

१९ मे

मामाजींना गाल आले. आता ते फळीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना कातकामावर सल्ले देतात. काल एका गिऱ्हाइकाला म्हणाले, "आमी जास्त गोल करत नाई. मापात करतो." आमी!

त्यांच्याशी बोलता बोलता दिवस जातो हे मात्र खरं. मशीन चालू असताना त्यांनी मला सासूबाईंची गोष्ट सांगितली. लग्नानंतर बारा वर्षांनी गोदा झाली, तोवर गावानं काय काय ऐकवलं. "बाईले कधी बोललो नाई मी," म्हणाले. माझा हात थोडा थांबला. मग मी मोटरीचा आवाज फार होतो असं म्हणून लाकूड बदललं.

बाहेर मात्र माझी शोभा होते आहे. शेजारच्या गल्लीतली पोरं "सासऱ्यावर चालणारी मशीन" बघायला येतात. आज पानठेलेवाला विचारत होता, सासरा किती युनिट खातो? सगळे हसले. पुनारामसुद्धा. दोस्त म्हणे!

मी ठरवलं आहे. गोंदियाहून मिस्त्री बोलवायचा आणि मशीन जमिनीत बोल्ट ठोकून पक्कं करायचं. मग बघू कोण हसतो.

गोदाला सांगितलं. ती म्हणाली, "चाललं हाय ते चालू द्या ना." बायकांना धंद्यात सुधारणा नको असते.

२७ मे

गोंदियाचा मिस्त्री आला. हिरालाल नाव, मिशा मोठ्या, हत्यारांची पेटी लहान. हिंदीशिवाय बोलत नाही आणि बोलायचं थांबत नाही. बोल्टांचं ऐकून घेतलं, मशीनभोवती फिरला, मामाजींना म्हणाला, "दादा, ज़रा उठिए." एक हात मशीनवर ठेवून ढकललं. मशीन डुललं. खाली वाकला आणि हसायलाच लागला.

"भैया, इतनी भारी मशीन को वज़न काहे का? एक पाँव हवा में है। लोग कहते हैं, नाच न जाने आँगन टेढ़ा। यहाँ तो आँगन सचमुच टेढ़ा है। ये ज़मीन किस गधे ने बनाई?"

मी म्हणालो, गवंडी होता एक, आता इकडे नसतो.

त्यानं पत्र्याची एक पट्टी दुमडून दुमडून त्या पायाखाली सरकवली. दगडाच्या चारही गोण्या उतरवायला लावल्या. मशीनवर पाण्यानं काठोकाठ भरलेली वाटी ठेवली आणि बटण दाबलं. वाटीतलं पाणी सांडलं नाही. मिस्त्री मिशीवर हात फिरवून चहा प्याला आणि गेला.

मी आनंदानं वळलो. मामाजी भिंतीला टेकून उभे होते. केसांतलं एक सालपट काढत म्हणाले, "बरं झालं. चांगली झाली मशीन." गोदा चुलीजवळून उठलीच नाही.

रात्री त्यांनी जेवायला नको सांगितलं. भूक नाही म्हणाले. मी आग्रह केला तर हसले, "आज काम कुठं केलं जवाईबापू?"

२८ मे

मामाजी पहाटेच पुन्हा लोटा घेऊन पाणपोईवर गेले.

मी दिवसभर काम केलं. मशीन मख्खनसारखं चाललं. कोपऱ्यातलं फळीचं टोक रिकामं होतं. पलंगाचे पाय झाले, पण एकाला पटाशी जास्त लागली, कारण मी सारखा तिकडे बघत होतो. मला वाईट वाटतं आहे. मशीन सुधारलं आणि मला वाईट वाटतं आहे, असा गाढव बालाघाटात दुसरा नसेल.

संध्याकाळी ते गाठोडं बांधताना दिसले. मी विचारलं, "तारीख?"

"निकाल लागला," म्हणाले.

"काय लागला?"

"फाइल बंद झाली म्हनतात. उद्या सकाळच्या मोटरीनं जातो."

मी म्हणालो, राहा अजून. ते म्हणाले, "काहून राहू? पावना दोन रोज, तिसऱ्या रोजी भार." मी म्हणालो, तुमचा कुठला भार होतो. म्हणून झाल्यावर कळलं की हे बोलायला नको होतं.

गोदा आज माझ्याशी एकही शब्द बोललेली नाही. ताट मात्र तिनं आपटलं नाही, हळूच ठेवलं. त्यानं जास्त लागलं.

मी ठरवलं आहे. उद्या मामाजी आंघोळीला गेले की ती पट्टी काढून फेकून द्यायची. जगानं हसायचं तितकं हसावं.

२९ मे

सकाळी मामाजी विहिरीवर गेले तसा मी पडवीत शिरलो. पालथा पडून पायाखाली हात घातला. पट्टी नाही! चारही पाय चाचपले. कुठेच नाही. झाडू तेवढा तिथे मशीनला टेकवून ठेवलेला होता. गोंदियाच्या मिस्त्रीचं काम हे असं. एक दिवस टिकलं नाही. धक्क्यानं निसटून कुठे उडाली असेल.

पण मला तर तेच हवं होतं. मी उठलो. मामाजी ओल्या धोतरानं दारात आले होते, गाठोडं उंबऱ्यापाशी तयार. मी जोरात ओरडलो, "मामाजी! मशीन हालून राह्यली पुन्हा! त्या मिस्त्रीनं फसवलं आपल्याले!"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग मशीनकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे.

"लय हालून राह्यली का?" त्यांनी विचारलं.

"लय. काल होती त्याच्या दुप्पट. तुमी गेले तर मी बरबाद होतो."

त्यांनी धोतर पिळलं, वाळत घातलं, दुसरं नेसले, सावकाश आले आणि फळीच्या टोकावर बसले. अंग सावरून, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी बटण दाबलं.

काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. मोटरीला थापट मारली.

"लाइट पहाटेपासूनच नाई," गोदा चुलीवरून म्हणाली.

मी बटणावर बोट ठेवून तसाच उभा राहिलो. कान गरम झाले. बाहेर राजेगाववरून जाणाऱ्या गोंदियाच्या मोटरीचा भोंगा वाजला, मोटर निघून गेल्याचा आवाजही आला. मामाजी उठले नाहीत. बिडी काढून पेटवली.

"येईन लाइट," ते म्हणाले. "जाते कुठं? बसतो मी."

मी पण तिथेच लाकडाच्या ओंडक्यावर बसलो. बंद मशीनपाशी आम्ही दोघं. ऊन पडवीत यायला लागलं. मग मामाजींनी मान वळवली आणि आत हाक मारली, "गोदे, पानी आन वं प्यायाले."

ती बाहेर आली. हातात लोटा होता. लोट्याचं बूड पदरानं पुसत राहिली. मामाजींनी हात पुढे केला, लोटा घेतला आणि घटाघटा प्याले. पाणी हनुवटीवरून छातीवर सांडलं.

लाइट दुपार कलल्यावर आली. तोवर त्यांचा दुसरा लोटा झाला होता.